टाकाऊ वस्तूंचे पुनर्चक्रीकरण : इंदूरचा अनुभव

कचरा या नावाने जो पदार्थ ओळखला जातो तो मुळात कचरा नसतो. भाजीचे देठ, केळ्याची साल, कालचे वर्तमानपत्र, रिकामी बाटली, गंजलेला पत्रा या प्रत्येक वस्तूला स्वतंत्रपणे काही ना काही मोल असते. देठ व साली मातीला हव्या असतात, वर्तमानपत्र कागद गिरणीला हवे असते, बाटली काचेच्या भट्टीला आणि पत्रा लोखंडाच्या भट्टीला हवा असतो. मात्र ह्याच वस्तू एका टोपलीत एकत्र पडल्या म्हणजे त्या परस्परांचे मोल नाहीसे करतात. सालींच्या ओलाव्याने कागद कुजतो, काचेच्या तुकड्यांमुळे खत शेतकऱ्याच्या उपयोगाचे राहत नाही आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलेले अन्न मातीत न मिसळता सडत राहते. कचरा निर्माण होतो तो या एकत्रीकरणातून. म्हणूनच टाकाऊ वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाचा विचार कारखान्यापासून नव्हे, तर घरातील ओट्याखालच्या टोपलीपासून सुरू करावा लागतो.

या विधानाची सत्यता पडताळून पाहण्यास इंदूर शहराइतके योग्य उदाहरण क्वचितच सापडेल. होळकरांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत आणि राजवाडा, सराफा ही नावे मराठी वाचकांना परकी नाहीत. अलीकडच्या काळात हे शहर स्वच्छतेसाठी देशभर वाखाणले गेले, ही गोष्ट सर्वविदित आहे. परंतु टाकाऊ पदार्थांचे खत करण्याच्या ज्या शास्त्रीय पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखले जाते, ती याच शहरात सुमारे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाली, ही गोष्ट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. या दोन घटनांमधील काळात जे घडले त्यातून प्रत्येक घराने आणि प्रत्येक नगरपालिकेने घ्यावा असा बोध आहे.

इंदूर पद्धतीचा उदय

१९२४ साली इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. मध्य भारतातील संस्थाने आणि भारतीय मध्यवर्ती कापूस समिती यांचे तिला साहाय्य होते. सर अल्बर्ट हॉवर्ड हे या संस्थेचे संचालक होते. त्यापूर्वी बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. कापसाचे पीक सुधारावयाचे तर आधी जमीन सुधारली पाहिजे आणि जमीन सुधारावयाची तर तिला सेंद्रिय खत मिळाले पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली. परंतु खत आणावयाचे कोठून, हा प्रश्न होता. खेड्यातील शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जात होता आणि पिकाचे अवशेष निरुपयोगी म्हणून जाळले जात होते.

हॉवर्ड आणि संस्थेच्या रसायन विभागातील त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे तत्त्व अगदी साधे होते. पिकाचा पालापाचोळा, तण, धाटे, गोठ्यातील शेण, मूत्राने भिजलेली माती आणि थोडी लाकडाची राख यांचे थर एकावर एक रचावयाचे. त्यासाठी तीस फूट लांब, चौदा फूट रुंद व दोन ते तीन फूट खोल असे उथळ खड्डे घेतले जात. खड्डा उथळ ठेवण्याचे कारण असे की, कुजविण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म जीवांना हवा मिळाली पाहिजे. पिळलेल्या स्पंजाइतका ओलावा ठेवला आणि हवा खेळती राहिली, म्हणजे ढिगाचे तापमान आरंभी ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास चढते. या उष्णतेत तणांचे बी आणि रोगजंतू यांचा बहुतांशी नाश होतो. तीन महिन्यांच्या अवधीत ढीग तीन वेळा उलथापालथा करावयाचा. अखेरीस हाती येते ते काळसर, भुसभुशीत व दुर्गंधरहित खत.

या पद्धतीत काटकसरीचा विचार किती बारकाईने केला होता, याचे एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कापसाची व तुरीची धाटे कडक असल्यामुळे ती लवकर कुजत नाहीत. ती चिरडण्यासाठी यंत्र विकत घेण्याऐवजी शेतातील गाडीवाटेवर पसरून ठेवली जात. येणाऱ्याजाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चुरडली जात आणि नंतर खड्ड्यात टाकली जात.

शेतासाठी शोधलेली ही पद्धत वस्तीच्या कचऱ्यालाही लागू पडते, हे लवकरच स्पष्ट झाले. १९३४ साली जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील कचऱ्याची आरोग्यदृष्ट्या निर्धोक विल्हेवाट आणि त्याचा शेतीसाठी उपयोग या विषयावर याच संस्थेतर्फे एक पुस्तिका प्रसिद्ध केली. १९३५ साली गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने इंदूरला आले असता त्यांनी या संस्थेला भेट देऊन खताची ही प्रक्रिया पाहिली. गावाची स्वच्छता आणि शेताची सुपीकता हे एकाच कामाचे दोन भाग आहेत, हा विचार अशा रीतीने इंदूरच्या भूमीत रुजला होता.

देवगुराडियाचा ढीग

तरीही पुढील अर्धशतकाहून अधिक काळ इंदूरचा कचरा इतर शहरांच्या कचऱ्याप्रमाणेच गावाबाहेर नेऊन टाकला जात राहिला. याचे एक कारण लोकसंख्येच्या वाढीत आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात गेली होती. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण कचऱ्याच्या बदललेल्या स्वरूपात आहे. हॉवर्ड यांच्या काळातील उकिरड्यात प्रामुख्याने कुजणारे पदार्थ असत. पुढील काळात त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, दुधाच्या थैल्या, चकचकीत वेष्टने, विजेऱ्या, औषधांच्या पट्ट्या आणि फुटक्या नळ्यांच्या दिव्यांची भर पडली. असा मिश्र कचरा ना खड्ड्यात कुजतो, ना भट्टीत वितळवता येतो. तो केवळ साचत जातो.

शहराजवळच्या देवगुराडिया टेकडीच्या परिसरात हा साठा वर्षानुवर्षे वाढत गेला. तेथील शिवमंदिर प्राचीन असून ते भाविकांचे श्रद्धास्थान आहे. परंतु त्याच परिसराचे नाव शहरात कचऱ्याच्या ढिगासाठी घेतले जाऊ लागले. अशा ढिगांचे दुष्परिणाम केवळ दुर्गंधीपुरते मर्यादित नसतात. आत हवा न मिळाल्याने ओले पदार्थ सडून मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वालाग्राही असल्याने ढिगांना उन्हाळ्यात आगी लागतात आणि जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर आसपासच्या वस्त्यांवर पसरतो. पावसाळ्यात ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरून विहिरी व कूपनलिका दूषित करते. शहराने टाकलेल्या वस्तूंचा खरा भार कचराभूमीच्या शेजारी राहणारी कुटुंबे अशा रीतीने आपल्या श्वासातून व पाण्यातून वाहत असतात.

वर्गीकरणाचा आरंभ व त्याचे फलित

२०१६ च्या प्रारंभी इंदूर महानगरपालिकेने दोन प्रभागांत घरोघर जाऊन कचरा गोळा करण्यास सुरुवात केली आणि पुढे ही व्यवस्था सर्व ८५ प्रभागांत नेली. गाणे वाजवीत येणाऱ्या गाडीत ओल्या व सुक्या कचऱ्यासाठी वेगवेगळे कप्पे ठेवले गेले. रस्त्यावरील सार्वजनिक कचराकुंड्या टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आल्या. वरवर पाहता हा निर्णय गैरसोयीचा वाटतो, परंतु त्यामागील तर्क योग्य होता. चौकातील कुंडी ही मिश्रणाची जागा असते. तेथे कोणी काय टाकले याची जबाबदारी कोणावरच येत नाही. दारात गाडी आल्यावर मात्र टोपलीत काय आहे ते गाडीवरील कर्मचारी समक्ष पाहतो आणि चूक झाली असल्यास ती त्याच क्षणी दाखवून देता येते. पुढे ओला व सुका या दोहोंबरोबरच प्लॅस्टिक, विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरातील घातक कचरा आणि स्वच्छतेच्या वापरलेल्या वस्तू असे एकूण सहा प्रकार वेगळे ठेवण्यापर्यंत नागरिकांची मजल गेली.

या सवयीचे फळ लवकरच दिसून आले. देवगुराडिया येथील सुमारे १३ लाख टन जुन्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचे काम २०१८ साली पूर्ण करण्यात आले. चाळण्यांच्या साहाय्याने माती, दगड, प्लॅस्टिक, धातू व चिंध्या अलग करण्यात आल्या आणि सुमारे १०० एकर जमीन मोकळी झाली. उकिरड्याचेही पांग फिटतात ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. घराघरांत वर्गीकरण सुरू झाले नसते, तर एका बाजूने ढीग उपसला जात असताना दुसऱ्या बाजूने तो पुन्हा वाढत राहिला असता.

१९ फेब्रुवारी २०२२ रोजी याच देवगुराडिया परिसरात ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणाऱ्या प्रकल्पाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. दररोज ५५० टन ओला कचरा स्वीकारण्याची त्याची क्षमता ठरविण्यात आली. त्यातून दररोज सुमारे १७,००० किलोग्रॅम वायू आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे, अशी त्याची रचना आहे. प्रकल्पाचे कार्य समजण्यास कठीण नाही. ओला कचरा दळून त्याचा लगदा केला जातो. हा लगदा बंद टाक्यांत हवेविना आंबविला जातो. त्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. त्यातील इतर वायू व अशुद्ध घटक काढून टाकले म्हणजे वाहनांना चालणारे इंधन मिळते आणि उरलेल्या चोथ्याचे खत होते. उघड्या ढिगात जो मिथेन आगीला कारण होत होता, तोच टाकीत कोंडल्यावर शहरातील बसगाड्यांचे इंधन होतो. खाजगी सहभागातून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पाच्या करारानुसार महानगरपालिकेला दरवर्षी अडीच कोटी रुपये मिळावयाचे ठरले. कचऱ्यावर केवळ खर्च करावा लागतो, ही समजूत त्यामुळे बदलली.

अशा प्रकल्पाचे यश यंत्रांपेक्षा लगद्याच्या शुद्धतेवर अवलंबून असते. ओल्या कचऱ्यात चिंध्या, दोऱ्या व पिशव्या आल्या तर त्या यंत्राच्या पात्यांना गुंडाळल्या जातात. वाळू व काच आली तर टाकीच्या तळाशी गाळ साचतो. घातक रसायने आली तर वायू निर्माण करणारे सूक्ष्म जीवच मरतात. देशात ओल्या कचऱ्याचे अनेक प्रकल्प बंद पडले, त्यामागे मिश्र कचरा हे एक प्रमुख कारण होते. २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या सलग सात राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणांत इंदूरने प्रथम क्रमांक मिळविला. २०२३ साली सुरत हे शहर त्यात सहभागी होते. या मानाचे श्रेय जेवढे प्रशासनाचे, तेवढेच दररोज सकाळी टोपल्या वेगळ्या ठेवणाऱ्या कुटुंबांचे आहे.

सुक्या कचऱ्याचे मोल

मराठी घरांत जुन्या वस्तूंचे मोल पूर्वापार ओळखले जात असे. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, फाटक्या धोतराचे पायपुसणे होई, बोहारीण जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देऊन जाई आणि रद्दीवाला महिन्यातून एकदा तागडी घेऊन दारात येई. ही सारी पुनर्चक्रीकरणाचीच रूपे होत. शास्त्राने त्यात भर घातली आहे ती एवढीच की, कोणती वस्तू पुन्हा वापरल्याने किती लाभ होतो हे आता मोजता येते.

ॲल्युमिनियमचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. बॉक्साइटच्या खनिजापासून हा धातू काढण्यास विजेचा प्रचंड व्यय होतो. जुनी भांडी किंवा डबे वितळवून तोच धातू पुन्हा मिळविण्यास त्या मानाने सुमारे पाच टक्के ऊर्जा पुरते. जुने लोखंड चुंबकाने सहज वेगळे होते आणि भट्टीत जाऊन त्याचे पुन्हा पोलाद बनते. काच कितीही वेळा वितळविली तरी तिचा दर्जा घटत नाही. मात्र रंगीत व पांढरी काच वेगळी ठेवावी लागते. अखंड बाटली तर न वितळविताच धुऊन पुन्हा भरता येते. कागदाचे तसे नाही. प्रत्येक खेपेस त्याचे तंतू आखूड होत जातात आणि साधारणतः पाच ते सात वेळांनंतर ते निरुपयोगी होतात. तरीही वर्तमानपत्राचा पुठ्ठा होणे हे ते जाळले जाण्याहून निश्चितच चांगले आहे.

प्लॅस्टिकच्या बाबतीत अधिक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा छापलेला असतो. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्यांवर बहुधा १ हा आकडा असतो. अशा बाटल्यांपासून कापडासाठी धागा तयार होतो. २ या आकड्याच्या जाड डब्यांना व ५ या आकड्याच्या खोक्यांनाही भंगारात मागणी असते. दुधाच्या थैल्या धुऊन व वाळवून ठेवल्यास त्यांनाही गिऱ्हाईक मिळते. थैली कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नये, तो थैलीलाच जोडलेला ठेवावा. कारण तो इवलासा तुकडा कोणाच्याही हाती लागत नाही व अखेरीस गटारात किंवा गाईच्या पोटात जातो.

रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रे, वह्या आणि पुठ्ठा यांचे भाव वेगवेगळे असतात. तेल किंवा आमटी सांडलेल्या कागदाला मात्र कोणताच भाव मिळत नाही. म्हणजेच स्वच्छ व कोरडे ठेवण्याच्या एका साध्या सवयीमुळे तीच वस्तू ओझे न ठरता उत्पन्न ठरते. ही रक्कम एका घराच्या दृष्टीने अल्प असली, तरी एखादी गृहनिर्माण संस्था, शाळा अथवा महिला मंडळ यांनी ती एकत्रित केल्यास त्यातून सार्वजनिक उपयोगाची लहानसहान कामे होऊ शकतात.

घरच्या घरी खत

ज्या गावांत इंदूरसारखा मोठा प्रकल्प नाही, तेथील कुटुंबांनाही इंदूरच्या जुन्या पद्धतीचा लाभ घेता येतो. शहराच्या आकारमानानुसार माणशी दररोज साधारणतः पाव ते अर्धा किलो कचरा निघतो आणि त्यात निम्म्याच्या आसपास भाग ओल्या कचऱ्याचा असतो. चार माणसांच्या कुटुंबात ओला कचरा रोज एक किलो निघतो असे धरल्यास वर्षाकाठी तो ३६५ किलो होतो. कुजताना त्यातील पाणी व वायू निघून जातात आणि वजन एक चतुर्थांश ते एक तृतीयांश उरते. याचा अर्थ, एका कुटुंबाला वर्षभरात नव्वद ते एकशेवीस किलो खत मिळू शकते आणि नगरपालिकेच्या गाडीवरील भारही कमी होतो.

यासाठी मातीच्या दोन कुंड्या किंवा बाजूंना भोके पाडलेल्या दोन जुन्या बादल्या पुरेशा आहेत. तळाशी वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा चार बोटे थर द्यावा. त्यावर रोजचा ओला कचरा बारीक करून टाकावा आणि प्रत्येक वेळी त्यावर वाळलेली पाने किंवा लाकडाचा भुसा पसरावा. आरंभी मूठभर जुने खत किंवा थोडे आंबट ताक घातल्यास कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते. आठवड्यातून एकदोनदा काठीने ढवळावे. पहिली कुंडी भरली की ती बाजूस ठेवून दुसरी सुरू करावी. दोन ते तीन महिन्यांत पहिल्या कुंडीतील खत वापरण्याजोगे होते.

या कामात येणाऱ्या अडचणींची कारणे व उपाय ठरलेले आहेत. दुर्गंध येत असेल तर ओलावा अधिक व हवा कमी आहे असे समजावे आणि वाळलेली पाने मिसळून मिश्रण हलवावे. अळ्या दिसल्यास वरचा थर कोरड्या पानांनी झाकावा. मिश्रण कोरडे राहून कुजत नसेल तर थोडे पाणी शिंपडावे. तेलकट पदार्थ, हाडे व मोठ्या प्रमाणातील शिजलेले अन्न लहान कुंडीत टाकू नये. तयार खताला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो आणि मूळ पदार्थ ओळखू येत नाहीत. ही खूण पटली की ते तुळशीला, फुलझाडांना किंवा परसातील भाजीला निःशंकपणे घालावे.

कचरा वेगळा करणारे हात

पुनर्चक्रीकरणाच्या चर्चेत वस्तूंचा विचार होतो, परंतु त्या वस्तू वेचणाऱ्या माणसांचा विचार बहुधा मागे पडतो. घरातून मिश्र कचरा बाहेर गेला म्हणजे तो पुढे कोणाला तरी हातांनी वेगळा करावाच लागतो. फुटलेली काच, वापरलेले दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई आणि सडलेले अन्न यांतून पुठ्ठा व बाटल्या शोधणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष आपले आरोग्य पणाला लावून समाजाचे काम करीत असतात. घरातच वर्गीकरण झाल्यास या श्रमिकांचा धोका कमी होतो आणि त्यांच्या हाती येणाऱ्या मालाला चांगला भाव मिळतो.

या बाबतीत महाराष्ट्रातील पुणे शहराचा अनुभव मार्गदर्शक आहे. तेथे १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना स्थापन केली. २००८ साली ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा वर्गीकृत कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. रस्त्यावरील कुंडीतून वेचणाऱ्या व्यक्तीला दारातून सन्मानाने माल मिळू लागला, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय. इंदूरमध्येही सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरण केंद्रांत कचरा वेचणाऱ्यांना काम देण्यात आले.

सफाई करणाऱ्यांच्या सन्मानाचा एक धडा इंदूरने त्याही पूर्वी पाहिला होता. १९१७ साली शहर प्लेगने त्रस्त असताना नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तेथे आले होते. त्यांनी दिवाळीची एक अपूर्व मिरवणूक आखली. ज्या भागातील रहिवासी आपली घरे व आवार सर्वांत स्वच्छ करतील तेथून ही मिरवणूक जाईल, असे जाहीर करण्यात आले. मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र वस्त्रे परिधान करून, गळ्यात हार व हातात नवे झाडू घेऊन चालले, आणि घाणीच्या व प्लेगच्या प्रतिमांचे दहन झाले. स्वच्छतेला उत्सवाचे रूप देणारा हा प्रयोग आजही विचारात घेण्याजोगा आहे. मात्र वर्षातून एका दिवसाच्या हारापेक्षा दररोज वेगळी केलेली टोपली हा त्या कामगारांचा अधिक खरा सन्मान होय.

पुनर्चक्रीकरणाच्या मर्यादा

पुनर्चक्रीकरणाचे लाभ सांगताना त्याच्या मर्यादाही स्पष्ट करणे आवश्यक आहे. बिस्किटे, वेफर, गुटखा इत्यादींच्या चकचकीत वेष्टनांत प्लॅस्टिक व धातू यांचे पातळ थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते अलग करणे परवडत नसल्यामुळे त्यांना भंगारात गिऱ्हाईक मिळत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून ती जाळली जातात. इतर प्लॅस्टिकचाही दर्जा प्रत्येक खेपेस घसरत जातो. म्हणून वस्तू मुळातच कमी वापरणे ही पहिली पायरी, तीच वस्तू पुन्हा वापरणे ही दुसरी आणि तिचे रूपांतर करणे ही तिसरी पायरी होय. इंदूरमध्ये समारंभांसाठी स्टीलची भांडी पुरविणारी ‘बर्तन बँक’ सुरू करण्यात आली, ती याच विचाराने. एकदा वापरून फेकावयाची ताटे गोळा करून त्यांचे काय करावे, या प्रश्नापेक्षा ती आणूच नयेत हे उत्तर सोपे आहे.

काही वस्तू तर इतर कोणत्याही कचऱ्यात मिसळू नयेत. विजेऱ्या, पाऱ्याचे दिवे, मुदत संपलेली औषधे, रंगांचे व कीटकनाशकांचे डबे यांतील द्रव्ये अल्प प्रमाणातही माती व पाणी दूषित करतात. यांसाठी घरात एक वेगळा डबा ठेवावा व तो भरल्यावर संकलन करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे स्वतंत्रपणे द्यावा. लंगोट, पट्ट्या व तत्सम वापरलेल्या वस्तू कागदात गुंडाळून, वर खूण करून द्याव्यात, म्हणजे त्या कोणाला उघडून पाहाव्या लागणार नाहीत.

नागरिकांचे कर्तव्य

इंदूरच्या शंभर वर्षांच्या अनुभवाचा सारांश असा की, ज्ञान उपलब्ध असणे आणि ते आचरणात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९३१ साली या शहराने कचऱ्याचे खत करण्याची पद्धत जगाला दिली, तरीही त्याच शहराच्या वेशीवर लक्षावधी टन कचरा साचला. पद्धत सदोष होती म्हणून हे घडले नाही. घरातून बाहेर पडणाऱ्या टोपलीत सारे काही एकत्र झाल्यामुळे ती पद्धत वापरणेच अशक्य झाले होते. टोपल्या वेगळ्या झाल्या आणि त्याच जुन्या तत्त्वांनी नव्या साधनांसह पुन्हा काम सुरू केले.

गोवा असो, बेळगाव असो, वडोदरा असो वा ग्वाल्हेर, प्रत्येक गावाला आपली एक कचराभूमी असते आणि तिच्या शेजारी राहणारी माणसे असतात. त्या माणसांच्या विहिरीचे पाणी व घरातील हवा गावातील इतर घरांच्या ओट्याखाली ठरत असते. नगरपालिका गाड्या देऊ शकते, शासन नियम करू शकते आणि शास्त्रज्ञ पद्धती शोधू शकतात. परंतु केळ्याची साल कोणत्या टोपलीत पडावी, हा निर्णय घरातील व्यक्तीलाच घ्यावा लागतो. त्यासाठी लागणारा खर्च एका जादा टोपलीचा आणि लागणारा वेळ क्षणभराचा असतो. मुलांना ही सवय लहानपणीच लावावी, शेजाऱ्यांनी ती एकमेकांत रुजवावी आणि आपल्या नगरपालिकेकडे वर्गीकृत कचरा वेगळाच वाहून नेण्याची मागणी करावी. घरी वेगळे केलेले गाडीत पुन्हा एकत्र होणार नाही, याची खात्री करून घेण्याचा नागरिकांना हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे.